हातावर पोट असलेल्यांची कादंबरी: ‘ऑफ माइस अँड मेन’ अभ्यासाला घेताना

प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या अमेरिकन साहित्याच्या पेपरला जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ आहे. शंभरेक पानं, दोन बैठकांत वाचून झाली, शेवटी रडूही आलं. पण उत्तर लिहायला बसलं की मैत्री, स्वप्न आणि एकटेपणा या तीन शब्दांपुढे गाडी जात नाही. घरचे ऊसतोडीला जातात, त्यांच्याशी तुलना केली तर चालेल का? आणि चित्रपट बघून काही मदत होईल का?

गाडी अडते यात तुमचा दोष नाही, पुस्तकच तसं आहे. कोणाच्या मनात काय चाललंय हे स्टाइनबेक जवळजवळ सांगतच नाही. कोण कुठे बसलं, कोणी काय उचललं, उजेड कुठून आला, कोण काय बोललं, एवढंच लिहितो. ही कादंबरी जशीच्या तशी रंगमंचावर उभी करता यावी अशा बेताने त्याने ती लिहिली होती, आणि झालंही तसंच. पुस्तक १९३७ मध्ये आलं आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या म्युझिक बॉक्स थिएटरात जॉर्ज कॉफमनच्या दिग्दर्शनाखाली नाटक लागलं. सहा प्रकरणं आणि मोजकी ठिकाणं: नदीकाठ, मजुरांची खोली, पुन्हा तीच खोली, तबेल्यातल्या क्रुक्सची खोली, गवताचं कोठार, आणि शेवटी परत नदीकाठ. गुरुवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संध्याकाळी सगळं आटोपतं. म्हणून ती नाटकासारखी वाचा. नेपथ्य बघा, कोण दारात उभं राहून उजेड अडवतंय ते बघा, आणि हातात काय आहे ते बघा.

मी बावीस वर्षं हे पुस्तक शिकवते आहे. पहिल्या दिवशी वर्गाला एकच काम देते: पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे हात दिसेल तिथे खूण करा. इंग्रजीत शेतमजुरालाच ‘हँड’ म्हणतात. आपल्याकडे ‘हातावर पोट असलेली माणसं’ म्हणतात. कादंबरी याच अर्थाने हातांची आहे, आणि मराठी वाचकाला ती इथून फार लवकर उघडते.

जॉर्ज आणि लेनी हे बरोबर हिंडणारे दोन शेतमजूर. लेनी अंगाने दांडगा, बुद्धीने लहान मुलासारखा. लेनीचे हात म्हणजे पंजे. पहिल्याच प्रसंगात तो डबक्यात पंजा बुडवून पाणी उडवतो, मेलेला उंदीर खिशात ठेवून अंगठ्याने कुरवाळतो. जॉर्जचे हात लहान पण मजबूत. मालकाचा मुलगा कर्ली डाव्या हातात व्हॅसलीनने भरलेला हातमोजा घालून हिंडतो, बायकोसाठी हात मऊ ठेवतोय म्हणून सांगत. म्हाताऱ्या कँडीला उजवा हातच नाही, मनगटाशी थोटा आहे. खेचरं हाकणारा स्लिम हा या जागेवरचा सगळ्यात मानाचा माणूस. वीस-वीस खेचरं तो एका दोरीवर चालवतो, आणि त्याच्या हातांच्या हालचालींना स्टाइनबेकने देवळातल्या नर्तकीच्या हातांची उपमा दिली आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनसच्या खोऱ्यात ही उपमा कुठून आली असेल याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

आता हे हात एकमेकांना जोडून बघा. तिसऱ्या प्रकरणात लेनी कर्लीची मूठ धरतो आणि हाडांचा चुरा करतो. त्यावर स्लिम कर्लीला दम देतो की तुझा हात यंत्रात सापडला असंच सगळ्यांना सांगायचं. त्या खोलीत तेव्हा कँडी उभा आहे, ज्याचा हात याच रँचवर खरोखरच गेला होता. एकाच्या हातासाठी खोटी कहाणी, दुसऱ्याच्या हाताची खरी किंमत २५० डॉलर. लेखक यावर एक अक्षर बोलत नाही. ते तुम्हाला बोलायचं आहे, आणि गाईडमध्ये नाही ते उत्तर इथून सुरू होतं.

तो अडीचशेचा आकडा सोडू नका. या पुस्तकात स्वतःच्या छोट्या शेताचं स्वप्न म्हणजे ढगातली गोष्ट नाही, त्याचा रोकडा हिशेब मांडलेला आहे आणि विद्यार्थी तो हमखास वाचून पुढे जातात. कँडीला भरपाईचे मिळाले २५०, बँकेत आणखी ५०, झाले ३००. महिनाअखेरीस पगाराचे ५०, म्हणजे ३५०. जॉर्ज आणि लेनीकडे आज दोघांत मिळून १० डॉलर आहेत, पण महिनाभर काहीच खर्च केलं नाही तर दोघांचे १०० होतील. एकूण ४५०. जागा आहे ६०० ची. मालक म्हातारं जोडपं कफल्लक आहे, म्हातारीचं ऑपरेशन व्हायचंय, तेव्हा सौदा पटू शकतो. उरलेल्यासाठी जॉर्ज कुठेतरी काम धरणार, आणि तोवर कँडीने १०० डॉलर विसार पाठवून द्यायचे असं ठरतंसुद्धा. विसार पाठवण्यापर्यंत आलेल्या व्यवहाराला ‘अशक्य स्वप्न’ कसं म्हणायचं? परीक्षेत शंभरातले नव्वद जण तेच लिहितात. शुक्रवारी रात्रीच्या हिशेबात या तीन माणसांना महिनाअखेरीस जमीन फक्त दीडशे डॉलरनी कमी पडत होती. शिवाय त्या जमिनीतला सर्वांत मोठा वाटा कँडीच्या तुटलेल्या हाताचा होता.

याच्या बरोबर उलट ओळही पुस्तकात आहे. पाचव्या प्रकरणात लेनीच्या हातून मेलेल्या कर्लीच्या बायकोचं प्रेत गवतात पडलेलं असताना कँडी विचारतो की आपण दोघं तरी ती जागा घेऊ ना. जॉर्ज म्हणतो की हे आपल्याच्यानं होणार नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं बहुतेक. लेनीला ऐकायला इतकं आवडायचं की मलाही वाटायला लागलं, जमेल कदाचित. हिशेब खरा की ही कबुली खरी? मी अजून ठरवू शकलेले नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी मार्क देताना हात आखडता घेत नाही.

त्या जागेचं वर्णन जॉर्ज कसं सांगतो तेही ऐका. त्याचा आवाज खाली जातो, शब्द ठेक्यात येतात, पूर्वी अनेकदा म्हटल्यासारखे. आपल्यासारखी माणसं जगात सगळ्यात एकटी असतात, पण आपलं तसं नाही. इथे लेनी मध्येच घुसतो: कारण माझी काळजी घ्यायला तू आहेस आणि तुझी घ्यायला मी! ससे, त्यांची लसूणघास, दुधावरची जाड साय. शब्द इकडचा तिकडे झालेला लेनीला चालत नाही. श्रावणात आजीच्या तोंडून कहाणी ऐकलेल्या कोणालाही हे लगेच कळेल: कहाणीत काय होणार हे सगळ्यांना पाठ असतं, तरी ‘साठा उत्तरांची’ आल्याशिवाय कोणी उठत नाही. शेवटच्या प्रकरणात जॉर्ज हीच कहाणी पुन्हा सांगतो, लेनीला नदीपलीकडे बघायला लावून. ती पहिल्या प्रकरणातल्या कहाणीशी ओळीला ओळ लावून वाचा. काय गळलंय ते तुम्हीच शोधा, मी सांगत नाही.

आता संदर्भाबद्दल, कारण इथे सर्रास चूक होते आणि ती मीही केलेली आहे. पहिली पाच-सहा वर्षं मी फळ्यावर ‘डस्ट बोल’ लिहून तास सुरू करायचे: ओक्लाहोमातला दुष्काळ, धुळीची वादळं, उखडून कॅलिफोर्नियात आलेली कुटुंबं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने पुस्तक उघडून विचारलं, “मॅडम, पण हे दोघं ऑबर्नचे आहेत ना?” ऑबर्न कॅलिफोर्नियातच आहे. जॉर्ज आणि लेनी कुठूनही विस्थापित झालेले नाहीत, ते त्याच राज्यातले फिरते मजूर आहेत. धुळीच्या वादळांनी उठवलेलं कुटुंब स्टाइनबेकच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये आहे. इथली माणसं त्याआधीपासूनची एक जात आहेत: पाठीवर वळकटी टाकून एका रँचवरून दुसऱ्या रँचवर जाणारे सडे पुरुष. स्टाइनबेकने स्वतः तरुणपणी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडत-धरत स्प्रेकल्स साखर कंपनीच्या रँचवर अशा माणसांबरोबर काम केलं होतं. साखर तिथेही होती, पण बीटची.

‘रँच’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावरचे गुराखी येतात. तेही पुसून टाका. ही धान्याची मोठी शेती आहे. काम बार्लीची पोती उचलून गाडीत टाकायचं. मालक आहे, मजुरांना झोपायला सामायिक खोली आहे, उशाशी सफरचंदाचं खोकं ठोकून केलेला कप्पा आहे, आणि आधीच्या माणसाने मागे ठेवलेला उवा-पिसवांच्या पावडरीचा डबा आहे. काम मिळतं मरे अँड रेडी या एजन्सीच्या चिठ्ठीवर. गावाचं नाव सोलेदाद, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच एकटेपणा. ते खरंच तिथलं गाव आहे, स्टाइनबेकने अर्थासाठी बनवलेलं नाही.

ऊसतोडीशी तुलना चालेल का? चालेल, पण साम्य दाखवून थांबलात तर फार काही मिळणार नाही. फरकात जास्त आहे. तुमच्या घरच्यांना मी सांगायची गरज नाही, तरी परीक्षकासाठी लिहा: ऊसतोडीत मजूर मोजला जातो तो ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. एकट्या माणसाला तिथे फारशी जागाच नाही. सॅलिनसच्या रँचवर नेमकं उलट. तिथे उचल नाही, पगार महिनाअखेरीस, आणि मनात आलं की कोणीही वळकटी उचलून चालू पडतो. जॉर्जच्या वाट्याला आलेल्या बिछान्यावरचा आधीचा माणूस तसाच गेलेला आहे. आणि तिथे संशय येतो तो दोघं एकत्र आल्याचा. मालक जॉर्जला सरळ विचारतो, याच्यात तुझा काय फायदा? याचा पगार तू खातोस का? स्लिमलाही नवल वाटतं. म्हणजे एकीकडे कर्जाने बांधलेली जोडी, दुसरीकडे मोकळा सुटलेला एकटा. तुमच्याकडे ही तुलना आतून माहीत असलेली आहे, तेव्हा ती एका परिच्छेदात, नेमकी लिहा. उत्तरभर पसरू नका, प्रश्न कादंबरीवर आहे.

तशीच दुसरी तुलना आपल्या वर्गांत आपोआप येते: क्रुक्स आणि जात. तबेला सांभाळणारा हा एकमेव काळा माणूस खोगिरांच्या खोलीत वेगळा राहतो, मजुरांच्या खोलीत त्याला प्रवेश नाही. तुलना चुकीची नाही. पण आधी त्याच्या फळीवरची पुस्तकं बघा: फाटका शब्दकोश आणि १९०५ चा कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा. आपले हक्क कागदावर काय आहेत हे त्या अख्ख्या रँचवर त्याला एकट्याला माहीत आहे. म्हणून लेनी दारात येतो तेव्हा तो हक्काचीच भाषा बोलतो: माझ्या खोलीत यायचा तुला अधिकार नाही. हळूहळू तो सैल होतो, त्यांच्या जमिनीवर फुकट राबायला येऊ का असंही विचारतो. मग कर्लीची बायको येते आणि एका वाक्यात त्याला झाडाला लटकवण्याची धमकी देते. त्यानंतर त्याचा आवाज सपाट होतो, आणि कँडी जाताना तो म्हणतो, ते मघाशी बोललो ते विसरून जा. कायद्याचं पुस्तक फळीवर तसंच असतं. क्रुक्सला सगळे ज्या शिवीने हाक मारतात ती उत्तरपत्रिकेत लिहू नका. अमेरिकेत या पुस्तकावर शाळांमधून वारंवार आक्षेप आले आहेत, त्यांचं ती एक कारण आहे.

कर्लीच्या बायकोला नाव नाही, हे तुम्हाला खटकलं का? माझ्या अनुभवात मराठी विद्यार्थ्यांना ते खटकत नाही आणि तेच बोलकं आहे. ‘मास्तरांची बायको’, ‘पाटलांची सून’ म्हणून उभा जन्म काढलेल्या बायका आपण इतक्या बघितल्यात की कादंबरीतली ही मेख लक्षातच येत नाही. लग्नाला दोन आठवडे झालेत. सिनेमात घेतो म्हणालेल्या माणसाचं पत्र आलं नाही, ते आईनेच लपवलं असं ती धरून बसली आहे, त्याच रात्री कर्ली भेटला आणि त्या रागात तिने त्याच्याशी लग्न केलं. हे सगळं ती कोणाला सांगते? लेनीला, ज्याचं लक्ष सशांवर आहे. नाटकात ही भूमिका करणाऱ्या क्लेअर लूसला स्टाइनबेकने पत्र लिहून ही बाई वाईट चालीची नाही हे समजावलं होतं. पण पुस्तकात तो समजावत नाही, उलट मजुरांच्या तोंडून तिला नावंच ठेवतो. तिच्या चेहऱ्यावरचा खोटेपणा आणि लक्ष वेधण्याची धडपड उतरते ती मेल्यावर. हे मला आजही पचत नाही. ती जिवंत असताना लेखकाने तिला एवढं तरी द्यायला हवं होतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो कँडीच्या कुत्र्याच्या प्रसंगाला. बहुतेक जण ‘पुढे घडणाऱ्याची सूचना’ एवढं म्हणून सोडतात. त्याचा वेग बघा. कार्लसन नावाच्या मजुराला कँडीचा म्हातारा कुत्रा मारून टाकायचा आहे. तो कुत्र्याच्या डोक्यामागची जागा पायाने दाखवतो, गोळी इथे घातली की त्याला कळणारही नाही. स्लिम शांतपणे म्हणतो, फावडं घेऊन जा. मग खोलीत शांतता. कोणीतरी काहीतरी बोलतं, पुन्हा शांतता. पत्त्यांचा आवाज. जमिनीखाली काहीतरी कुरतडल्याचा आवाज. सगळे कँडीकडे बघायचं टाळतात, कँडी छताकडे बघतो. गोळीचा आवाज येतो आणि तो भिंतीकडे तोंड फिरवतो. यात मध्येच विट नावाचा मजूर एका मासिकातलं पत्र कौतुकाने स्लिमला मोठ्याने वाचायला लावतो, कारण ते पूर्वी इथे काम करणाऱ्या एकाचं छापून आलेलं आहे. कॉपी तपासताना या पत्राचा उल्लेख मला अगदी क्वचित सापडतो. आपल्यातला कोणीतरी या जगात होता याचा एवढाच छापील पुरावा, आणि विट ते मासिक हातातून सोडत नाही.

नंतर कँडी जॉर्जला म्हणतो, माझा कुत्रा मीच मारायला हवा होता, परक्याला मारू द्यायला नको होता. रविवारी जॉर्ज कार्लसनचंच पिस्तूल घेऊन नदीवर जातो आणि लेनीला गोळी घालतो ती त्याच जागी, डोक्यामागे. आधी त्याचा हात थरथरतो, मग स्थिर होतो. गोळी सुटल्यावर तो आपल्या उजव्या हाताकडे बघत बसतो. खून की दया, हा प्रश्न परीक्षेत येणारच. न्यायाधीश होऊ नका. वस्तू आणि हात दाखवा, उत्तर त्यातून येतं. एक गोष्ट मात्र जोडा: लेनीकडून पिस्तूल हिसकावून तू मारलंस ना, असं कार्लसनच म्हणतो आणि जॉर्ज हो म्हणतो. खरं काय ते एकटा स्लिम ओळखतो. (लेनी पुस्तकाबाहेर कोर्टातही गेला. बौद्धिक अक्षमता असलेल्या कोणत्या आरोपीला फाशीतून वगळायचं हे ठरवताना टेक्सासच्या न्यायालयाने २००४ मध्ये लेनीचं उदाहरण दिलं. स्टाइनबेकच्या मुलाने त्यावर संताप व्यक्त केला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचे ते निकष फेटाळले.)

शीर्षक रॉबर्ट बर्न्सच्या १७८५ च्या कवितेतलं, हे गाईडमध्ये असेल. नांगराने उंदराचं घरटं मोडतं, आणि उंदरांचे काय नि माणसांचे काय, बेत फसतात, एवढीच ओळ सगळे देतात. कवितेचा शेवट वाचा. नांगरणारा उंदराला म्हणतो, तरी तू सुखी, तुला फक्त आत्ताचं कळतं. मी मागे बघतो तर अंधार, पुढचं दिसत नाही पण भीती वाटते. उंदीर कोण आणि नांगरणारा कोण, हे लावून बघा. कादंबरीचं आधीचं नाव ‘समथिंग दॅट हॅपन्ड’ होतं, म्हणजे ‘घडलं असं’. दोष कोणालाच नाही. पहिल्या प्रकरणात पाण्यातून मान वर काढून एक साप जातो. शेवटच्या प्रकरणात तसाच साप येतो आणि बगळा त्याला डोक्याकडून उचलून गिळतो. थोड्या वेळाने दुसरा साप त्याच दिशेने पोहत येतो.

भाषेची अडचण तुम्ही विचारली नाही, पण मराठी माध्यमातून आलेल्यांना ती येते. मजुरांची इंग्रजी कानावर लिहिलेली आहे, व्याकरणाने शोधू नका. मोठ्याने वाचा, दोघींनी मिळून, एक जॉर्ज आणि एक लेनी.

चित्रपट बघायचा तर १९९२ चा बघा, गॅरी सिनीझ आणि जॉन माल्कोविचचा, पण पुस्तक दोनदा वाचून झाल्यावर. शेवट त्यात वेगळा आहे. पुस्तकात स्लिम जॉर्जला धरून रस्त्याकडे घेऊन जातो, आणि मागे उभा राहिलेला कार्लसन कर्लीला विचारतो की या दोघांना आता काय झालंय कोण जाणे. पुस्तक या प्रश्नावर संपतं आणि चित्रपटात तोच नाही.